एका टाकीत किती समुद्र मावतो?

(दहावी, 1985 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन, आणि चाळीस वर्षांनीही एकमेकांना एकेरीतच हाक मारणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत एकदाच नाव दिलं होतं आणि त्या दिवशी मला ताप आला होता. आज ताप आलेला नाही, म्हणून बोलणं भाग आहे. विषय तुम्हीच दिलाय. शाळेच्या प्रयोगशाळेला आपल्या तुकडीतर्फे खाऱ्या पाण्याची एक मासेटाकी भेट द्यायची, असं ग्रुपवर ठरलं. लगेच कोणीतरी म्हणालं, "ती ठाण्याला मासे पाळते, तिलाच विचारा, काय काय सोडायचं." पुढच्या दोन दिवसांत ग्रुपवर चाळीसेक फोटो आले. निळा डोरी मासा, पंख पसरलेला लायनफिश, समुद्रघोडे, रंगीबेरंगी प्रवाळ, एक ईलसुद्धा. एकाने तर छोटा शार्क पाठवला. तो शेवटच्या बाकावरचा होता हे नाव न घेताही कळेल.

त्या फोटोंना मी उत्तर दिलं नाही, म्हणून काहीजण रागावले. उत्तर आज देते.

आधी टाकी केवढी ते पाहू. बजेट आणि प्रयोगशाळेतला कट्टा पाहता आपण तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी टाकी घेणार आहोत. गणिताच्या सरांना हिशोब आवडेल. अशा टाकीत काठोकाठ भरलं तर 130 लिटरच्या आसपास पाणी मावतं. वर थोडी जागा सोडायची, तळाला वाळू, मध्ये दगड. म्हणजे खरं पाणी राहिलं शंभर लिटर. आपल्याकडच्या घरात पाणी भरून ठेवायचं निळं पिंप असतं ना, त्याच्या अर्ध्याएवढा समुद्र. एवढ्याशा समुद्रात आपल्याला जीव ठेवायचेत, आणि ते मरू द्यायचे नाहीत.

खरा समुद्र चुका पोटात घालतो. मांडवीला एक मासा मेला तर कोणाला पत्ता लागत नाही. लाटा, वारा, खेकडे, जिवाणू सगळे मिळून त्याची विल्हेवाट लावतात. शंभर लिटरमध्ये तसं होत नाही. मासा श्वास घेतो, खातो, घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया माशांना विष आहे. दगडांवर आणि वाळूत एक जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि आपण पाणी बदललं की बाहेर जातं. दहावीच्या पुस्तकात नायट्रोजन चक्राची आकृती होती, बाणांची. मी ती पाठ करून तीन गुण मिळवले होते. त्याचा अर्थ मला कळायला 2011 साल उजाडलं.

त्या वर्षी माझी मुलगी सात वर्षांची होती. तिने 'फाइंडिंग निमो' इतक्या वेळा पाहिला होता की संवाद मलाही पाठ झाले होते. तिच्या वाढदिवसाला मी साठ लिटरची टाकी आणली. मुंबईतल्या एका दुकानातून एकाच दिवशी दोन विदूषक मासे, एक निळा डोरी, एक समुद्रफूल, दोन कोळंब्या आणि तीन निळे डॅम्सेल घेतले. दुकानदाराला विचारलं, "एवढे राहतील ना?" तो म्हणाला, "ताई, बिनधास्त. चालेल." टाकी लावून तेव्हा तीन दिवस झाले होते.

पुढे काय झालं ते क्रमाने सांगते, कारण आपल्या यादीतली प्रत्येक चूक त्यात आहे.

पहिल्या आठवड्यात डॅम्सेलनी टाकीचा ताबा घेतला. हे मासे बोटाएवढे, पण स्वभावाने गल्लीतले दादा. त्यांनी विदूषक माशांना कोपऱ्यात दाबून ठेवलं. समुद्रफूल आम्ही ठेवलं त्या जागी राहिलंच नाही. समुद्रफुलाला पाय नाहीत, पण ते तळव्यावर सरकत चालतं, प्रकाश आणि प्रवाह पसंत पडेपर्यंत. माझ्याकडचं चालत चालत पंपाच्या तोंडाशी गेलं आणि रात्रीत चिरडलं गेलं. पाणी दुधासारखं झालं. आठव्या दिवशी डोरीच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके आले. हा परजीवीचा रोग आहे, आणि ताणाखाली असलेल्या डोरीला तो हमखास होतो. मी पुन्हा दुकान गाठलं. तिथून औषध मिळालं ते तांब्याचं. मी ते त्याच टाकीत ओतलं. तांबं त्या परजीवीला मारतं हे खरं, पण कोळंबी, शंख, खेकडे यांनाही मारतं. कोळंब्या संध्याकाळपर्यंत गेल्या. डोरी दोन दिवसांनी गेला. माझी मुलगी काही बोलली नाही. तिने तो चित्रपट मात्र पुन्हा लावला नाही.

तेव्हापासून मी शिकले. आता माझ्याकडे एकच टाकी आहे, नव्वद लिटरची, आणि तिच्यात चारच मासे आहेत. लोक घरी येतात आणि म्हणतात, "एवढीच?" हा प्रश्न आज तुम्हीही विचाराल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कोणताही जीव घेण्याआधी मी पाच प्रश्न विचारते. तेच आज तुमच्यासमोर मांडते. 

पहिला प्रश्न: मोठा झाला की केवढा होणार? दुकानातला डोरी दोन-अडीच इंचांचा असतो, कारण तो बाळ असतो. पूर्ण वाढ झाली की एक फूट होतो, आणि निसर्गात तो दिवसभर प्रवाळांवरून पोहत असतो. आपल्या तीन फुटी टाकीत त्याला वळायला जागा नाही. कोणाच्या बाळाला घरात घेताना त्याचा विशीतला चेहरा डोळ्यांसमोर आणावा, तसं हे आहे. लायनफिश, ईल, ट्रिगर, पफर आणि तो शार्क, सगळे या पहिल्याच प्रश्नाला नापास.

दुसरा प्रश्न: खातो काय? दुकानात तो माझ्यासमोर खाऊन दाखवेल का? मँडरिन नावाचा मासा आहे. इतका सुंदर की पैठणीचा पदर वाटावा. ग्रुपवर त्याच्या फोटोला सगळ्यात जास्त बदाम मिळाले. तो दगडांवरचे अगदी बारीक जिवंत कवचधारी किडे दिवसभर टिपून खातो. दुकानातल्या गोळ्या बहुतेक मँडरिन ओळखतही नाहीत. छोट्या टाकीतले किडे काही आठवड्यांत संपतात आणि तो पोट खपाटीला जाऊन मरतो, डोळ्यांदेखत, अगदी सावकाश. क्लीनर रास नावाचा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. चार माशांच्या टाकीत त्याचं पोट कसं भरणार? म्हणून माझा नियम असा की, मासा दुकानात निदान दोनदा नीट खाताना पाहिल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही.

तिसरा प्रश्न: स्वभाव कसा? इथे वर्गाची आठवण ठेवा. कोणाला कोणाशेजारी बसवायचं हे आपल्या वर्गशिक्षकांना बरोबर ठाऊक असायचं. टाकीतही तसंच. शांत मासा आधी सोडायचा, भांडकुदळ शेवटी. आधी आलेला टाकीला आपलं घर समजतो आणि नंतर आलेल्याला छळतो. डॅम्सेल स्वस्त असतात, कणखर असतात, म्हणून दुकानदार सुरुवातीला तेच गळ्यात मारतात. ते कणखर असतात हीच अडचण. सगळे मेले तरी ते जगतात, आणि दुसऱ्या कोणाला जगू देत नाहीत.

चौथा प्रश्न: हा आला कुठून? हा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, कारण टाकी शाळेत जाणार आहे. खाऱ्या पाण्यातले पुष्कळसे मासे अजूनही समुद्रातून पकडून आणले जातात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात प्रवाळांच्या कपारींत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत होती आणि तिने प्रवाळांचं मोठं नुकसान केलं. उलट विदूषक मासा टाकीत अंडी घालतो आणि त्याची पिल्लं माणसांना वाढवता येतात. आपल्या देशात कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने विदूषक माशांचं प्रजनन आणि संगोपन करण्याचं तंत्र विकसित केलंय. तेव्हा टाकीत जन्मलेला मासा मिळत असताना समुद्रातला आणू नये. टाकीत जन्मलेल्याला गोळ्या खायची सवय असते, तो रोगराई कमी आणतो, आणि आपण कोणाचं घर उद्ध्वस्त केलेलं नसतं.

आणि प्रवाळ, समुद्रघोडे? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि दगडी प्रवाळ 2001 सालापासून आहेत. आपल्या किनाऱ्यावरून ते उचलणं गुन्हा आहे. कोकणात प्रवाळ नाहीत असं समजू नका, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहेत. तिथला भाग 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. शाळेच्या प्रयोगशाळेत कायदा मोडून आणलेली वस्तू ठेवायची आणि त्याच भिंतीवर पर्यावरणाचा तक्ता लावायचा, हे मला जमणार नाही.

पाचवा प्रश्न: हा किती वर्षं जगणार आणि तोवर सांभाळणार कोण? विदूषक मासा नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. आज आठवीत असलेला मुलगा नोकरीला लागेल तरी मासा इथेच असेल. या प्रश्नाकडे मी शेवटी पुन्हा येते.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे, जी या यादीत नाही. ती सांगायची की नाही यावर मी कालची रात्र काढली.

बाई समोर बसल्या आहेत. नववीत असताना बाईंनी आम्हाला ओहोटीच्या वेळी आरे-वारेच्या कातळावर नेलं होतं. अमावास्येनंतरचा दिवस होता, पाणी खूप आत गेलं होतं. कातळातल्या डबक्यांत वाकून बघायचं, बोट लावायचं नाही, उलटलेला दगड पुन्हा तसाच ठेवायचा, असे बाईंचे नियम होते. तिथून बाईंनी फक्त एक छोटा दगड उचलला, त्यावर एक समुद्रफूल होतं, आणि दुसऱ्याच्या शंखात घर करणारे दोन खेकडे घेतले. पाच लिटरच्या लोणच्याच्या बरणीत समुद्राचं पाणी घालून ते प्रयोगशाळेत ठेवले. आठ दिवस बघायचे आणि होते तिथे नेऊन सोडायचे. पंप नव्हता. बाई मधल्या सुट्टीत येऊन पळीने पाणी ढवळत आणि एक दिवसाआड ताजं पाणी आणवत. ती बरणी बघायला अ, ब, क तिन्ही तुकड्यांची रांग लागायची.

त्या शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. सकाळी येताना मी डबक्यातला एक बोटभर मासा शाईच्या मोठ्या बाटलीतून आणला होता. मला वाटलं, बरणीत मासा नाही म्हणून ती रिकामी दिसते. शाळा सुटल्यावर सगळे गेले तेव्हा मी तो हळूच बरणीत सोडला. सोमवारी बाई खूष होतील, असं माझ्या मनात होतं.

सोमवारी प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा वास आला. मासा मेला होता, समुद्रफुलाचा लगदा झाला होता आणि दोन्ही खेकडे शंख सोडून बाहेर मरून पडले होते. बाईंनी वर्गात सांगितलं, "चूक माझी आहे. रविवारी येऊन पाणी बदलायला हवं होतं." त्यांनी मासा कोणी टाकला हे विचारलं नाही. मी बोलले नाही. त्यानंतर ती बरणी पुन्हा कधी प्रयोगशाळेत आली नाही. आपल्या मागच्या तुकड्यांना ती बघायला मिळाली नाही.

आज मला कळतं की त्या रात्री काय झालं असेल. पाच लिटर पाण्यात एका माशाला पुरेल एवढा प्राणवायू नव्हता. तो आधी मेला, सडला, अमोनिया झाला, सडवणाऱ्या जिवाणूंनी उरलासुरला प्राणवायू ओढून घेतला आणि बाकीचे गेले. तिघांचं नीट चाललं होतं, चौथा मी आणला. बाई, चूक तुमची नव्हती. माझी होती. हे सांगायला मला एवढी वर्षं लागली.

(या ठिकाणी बाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "मला तेव्हाच माहीत होतं गं. तुझ्या दप्तराला मासळीचा वास येत होता. तू येऊन सांगशील म्हणून थांबले होते." सभागृहात बराच वेळ हशा आणि टाळ्या. मला दोन मिनिटं बोलता आलं नाही. — वक्ती)

असो. आता यादी.

टाकीत माझ्या मते चारच मासे सोडावेत. 

दोन विदूषक मासे, ऑसेलॅरिस जातीचे, टाकीत जन्मलेले. वाढून तीन-साडेतीन इंच होतात. त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही, ते त्याच्याशिवाय आनंदाने राहतात. समुद्रफुलाला कडक प्रकाश आणि जुनी, स्थिर टाकी लागते, तेव्हा ते आपल्या यादीत नाही. विदूषक माशांची जोडी घेताना एक थोडा मोठा आणि एक लहान घ्यावा. हे सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला जो मोठा आणि वरचढ असतो तो मादी होतो. मादी गेली तर उरलेला नर मादी होतो. चित्रपटात निमोची आई जाते आणि बाबा बाबाच राहतात, तिथे जीवशास्त्र थोडं बाजूला ठेवलंय. नववी-दहावीच्या मुलांना हे एवढं कळलं तरी टाकीचे पैसे वसूल.

एक गोबी. पिवळा वॉचमन गोबी म्हणून मिळतो, तीन-चार इंचांचा. तो तळाशी राहतो. जमल्यास त्याच्याबरोबर एक पिस्तूल कोळंबी. ही जोडी म्हणजे आपल्या वर्गातलं एक बाक आहे. कोळंबीला फारसं दिसत नाही, पण ती वाळूत बीळ खणण्यात पटाईत. गोबीला खणता येत नाही, पण त्याची नजर चांगली. तो बिळाच्या दाराशी पहारा करतो, कोळंबीची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते, आणि तो शेपटी हलवून धोक्याची सूचना देतो. सरांवर एकाने लक्ष ठेवायचं आणि दुसऱ्याने बाकाखाली डबा खायचा, हे आपणही केलंय. ते बाक कोणतं, सगळ्यांना माहीत आहे.

एक फायरफिश. पुढून पांढरा, शेपटीकडे लालबुंद, अत्यंत लाजाळू. घाबरला की उडी मारतो, आणि टाकीला झाकण नसेल तर सकाळी फरशीवर वाळलेला सापडतो. माझ्याकडचा पहिला तसाच गेला. म्हणून झाकण, बारीक जाळीचं, आधी. मासा नंतर.

याशिवाय माशांच्या अंगाची सफाई करणारी एक क्लीनर कोळंबी. तिला क्लीनर रासची अडचण येत नाही, ती गोळ्याही खाते. शेवाळ खाणारे चार-पाच छोटे शंख. आणि शंखात घर करणारे तीन बारीक खेकडे, पण त्यांच्यासाठी थोडे मोठे रिकामे शंख टाकून ठेवायचे. नाहीतर घर हवं म्हणून ते जिवंत शंखाचा जीव घेतात. जागेसाठी काय काय होतं ते आपण आपल्या गावच्या घरांच्या वाटण्यांत पाहिलंय.

एवढंच. टाकी रिकामी दिसेल. दिसू द्या. जी जागा रिकामी दिसते तीच त्या जिवांचा श्वास आहे. 

हे सगळं एका दिवशी आणायचं नाही. मी शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे हिशोब केलाय. जूनमध्ये शाळा उघडली की टाकी, वाळू, दगड आणि पाणी. पाणी मांडवीवरून आणू नये, हे खास सांगते, कारण तीन जणांनी गाडी द्यायची तयारी दाखवलीय. पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याचा खारेपणा उतरतो, आणि गाळ येतो तो वेगळाच. बाजारात समुद्राच्या पाण्यासाठीचं तयार मीठ मिळतं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅमच्या हिशोबाने, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन-चार किलो. मोजायला क्षारमापक घ्यायचा, घनता 1.025 च्या आसपास ठेवायची.

जून-जुलै टाकीत एकही मासा नाही. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते सडेल, अमोनिया होईल, जिवाणू वाढतील. मुलांनी चाचणीच्या संचाने दर आठवड्याला अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायचं आणि फळ्यावर आलेख काढायचा. अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. साधारण चार ते सहा आठवडे जातात. दोन्ही शून्यावर आले की चक्र पूर्ण. ऑगस्टमध्ये शंख आणि खेकडे. गणपती झाले की कोळंब्या आणि गोबी. दसऱ्याला फायरफिश. विदूषक मासे दिवाळीच्या सुट्टीनंतर, सगळ्यांत शेवटी, कारण ते जरा दादागिरी करतात. प्रत्येक नवा मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचा, औषध द्यायचं तर तिथेच. तांब्याचं औषध मोठ्या टाकीच्या आसपासही नको. 

कोणी म्हणेल, सहा महिने रिकाम्या टाकीकडे बघून मुलं कंटाळतील. मला नाही वाटत. बाईंच्या बरणीत तीनच जीव होते आणि रांग लागायची.

आता पाचवा प्रश्न. सांभाळणार कोण? 

पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे उरतं. म्हणून रोज जेवढं पाणी आटेल तेवढं साधं, बिनमिठाचं पाणी घालावं लागतं. आठवड्याला दहा लिटर खारं पाणी बदलावं लागतं. मे महिन्यात प्रयोगशाळेचं तापमान काय होतं ते आपल्याला माहीत आहे. माशांना 25 ते 27 अंश बरं वाटतं, तीसच्या वर गेलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण मग पाणी जास्त आटतं. आणि जुलैत वादळ झालं की वीज दहा-बारा तास येत नाही. तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लागतो आणि तो चालू करायला माणूस लागतो. मासे पाळणं म्हणजे हेच. बाकी सगळी खरेदी.

म्हणून माझी विनंती आहे. टाकीचे पैसे आज गोळा झाले आहेत. पण मे महिन्याच्या, गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत रोज शाळेत कोण येणार, त्यांची नावं एका कागदावर लिहिली जाईपर्यंत आपण टाकीची ऑर्डर देऊ नये. आपल्यापैकी अकरा जण अजून गावात राहतात. मी ठाण्याहून रोज येऊ शकत नाही, पण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येईन आणि मे महिन्याचे पहिले पंधरा दिवस माझे धरा. कागद मी टेबलावर ठेवलाय, माझं नाव वर लिहिलंय. पुरेशी नावं झाली नाहीत तर रागावणार नाही. त्या पैशांतून दर वर्षी एका तुकडीला ओहोटीला कातळावर नेऊया. तेही तितकंच चांगलं, आणि तिथे कोणाला पंप लागत नाही.

आणि एक. कधी टाकी बंद करायची वेळ आली तर हे मासे मांडवीला नेऊन सोडायचे नाहीत. ते आपल्या किनाऱ्याचे नाहीत, आणि त्यांच्याबरोबर कोणता रोग जाईल ते सांगता येत नाही. ज्याच्याकडे नांदती टाकी आहे त्याच्याकडे द्यायचे. माझा पत्ता शाळेकडे आहे.

बाई, टाकी आली तर पहिल्या दिवशी पाणी ढवळायला तुम्हीच या. पळी मी आणते.



(स्मरणिका छापायला जाईपर्यंत कागदावर चौदा नावं झाली आहेत. शार्कवाल्याने नोव्हेंबर घेतला आहे.)